घरची शाळा आणि मंडळाचे प्रमाणपत्र

मुलाला शाळेत न घालता, अथवा काही इयत्तांनंतर शाळेतून काढून, त्याच्या शिक्षणाची जबाबदारी पूर्णपणे कुटुंबाने उचलणे याला गृहशिक्षण किंवा रूढ शब्दात होमस्कूलिंग म्हणतात. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत गेल्या काही दशकांत हा मार्ग विचारपूर्वक निवडणारी कुटुंबे दिसू लागली आहेत आणि ‘स्वशिक्षण’ या नावाने अशा कुटुंबांची संघटनाही उभी राहिली आहे. त्यांच्याखेरीज दीर्घ आजारपण, अपंगत्व, खेळातील किंवा संगीतातील कठोर साधना, पालकांच्या सततच्या बदल्या अशा कारणांमुळे घरीच शिकणारी मुलेही आहेत. मूल बारा-तेरा वर्षांचे झाले की या सर्व घरांपुढे एकच प्रश्न उभा राहतो: ज्या परीक्षापद्धतीपासून मुलाला दूर ठेवले, त्याच पद्धतीतले दहावी-बारावीचे प्रमाणपत्र त्याने मिळवावे की नाही? या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेच द्यावे लागते. मुलाच्या बुद्धीचे किंवा घरच्या शिक्षणाचे मोजमाप त्या कागदाने होते असे नाही, परंतु अठराव्या वर्षी स्वतःची वाट स्वतः निवडण्याचे स्वातंत्र्य त्या मुलाच्या हाती राहायचे असेल, तर आजच्या भारतीय व्यवस्थेत त्या कागदाला पर्याय नाही.

चौदा वर्षांपर्यंतचे आणि त्यानंतरचे

हा प्रश्न नेमका त्या वयातच का उभा राहतो, हे समजण्यासाठी कायद्याची चौकट पाहावी लागते. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत २१-अ हा अनुच्छेद आला आणि ६ ते १४ वर्षे वयाच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला. हा हक्क प्रत्यक्षात आणणारा शिक्षण हक्क कायदा, ज्याला सर्वजण ‘आरटीई’ म्हणून ओळखतात, २००९ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. या कायद्याच्या दहाव्या कलमात मुलाला शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य म्हटले आहे, परंतु ते न करणाऱ्या पालकांसाठी कोणतीही शिक्षा सांगितलेली नाही. गृहशिक्षणाला सर्वसाधारण परवानगी देणारे किंवा त्याला स्पष्ट मनाई करणारे कलमही त्यात नाही. २०१२ च्या दुरुस्तीने मात्र तीव्र किंवा बहुविध अपंगत्व असलेल्या मुलांना घरी राहून शिक्षण घेण्याचा पर्याय निवडता येईल असे स्पष्टपणे नोंदवले आहे.

याच कायद्याच्या चौथ्या कलमानुसार कधीच शाळेत न गेलेल्या किंवा मधेच शाळा सोडलेल्या मुलाला त्याच्या वयाला साजेशा इयत्तेत प्रवेश मिळू शकतो, आणि चौदाव्या कलमानुसार वयाचा दाखला नसल्याच्या कारणावरून त्याला परत पाठवता येत नाही. याचा अर्थ असा की घरी शिकण्याचा प्रयोग नवव्या किंवा अकराव्या वर्षी थांबवावासा वाटला, तर शाळेचे दार कायद्यानेच उघडे ठेवलेले आहे आणि तोवर कोणत्याही प्रमाणपत्राची गरज भासत नाही. वयाची चौदा वर्षे पूर्ण झाली आणि प्राथमिक शिक्षणाचा टप्पा मागे पडला की हे संरक्षणही मागे पडते. नववीच्या पुढच्या प्रत्येक पायरीवर आधीच्या पायरीचा पुरावा मागितला जातो, आणि तो पुरावा देण्याचा अधिकार आई-वडिलांना नसून कायद्याने स्थापन झालेल्या किंवा शासनाने मान्य केलेल्या परीक्षा मंडळालाच असतो.

अनोळखी माणसाचा विश्वास

मुलाला काय येते हे घरात सर्वांना माहीत असते, कारण ते रोज डोळ्यांसमोर घडत असते. महाविद्यालयाचा प्रवेश विभाग, नोकरभरती करणारे कार्यालय, शिष्यवृत्ती देणारी संस्था यांनी मात्र ते मूल कधीच पाहिलेले नसते. ज्यांचा एकमेकांशी काहीही परिचय नाही अशा दोन पक्षांमध्ये विश्वास निर्माण करणे हे प्रमाणपत्राचे खरे काम आहे. प्रमाणपत्र ज्ञान निर्माण करत नाही, ज्ञानाची खोलीही ते नीट सांगत नाही. ठराविक विषयांची ठराविक पातळी एका त्रयस्थ संस्थेने तपासली आहे, एवढीच हमी ते देते. ही हमी साधी असली तरी ज्याच्याकडे ती नाही त्याला तिच्या जागी दुसरे काहीतरी फार मोठे ठेवावे लागते.

मुंबईच्या मालविका राज जोशी हिचे उदाहरण या संदर्भात देशभर गाजले. सातवीनंतर शाळा सोडून ती घरी शिकली, संगणकीय प्रोग्रॅमिंगमध्ये रमली आणि आंतरराष्ट्रीय माहितीशास्त्र ऑलिम्पियाडमध्ये भारतातर्फे तिने तीन पदके मिळवली. भारतातील आयआयटीच्या प्रवेशासाठी बारावीचे प्रमाणपत्र अनिवार्य असल्याने तिथली वाट तिच्यासाठी बंद होती. २०१६ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या जगद्विख्यात संस्थेने तिला प्रवेश दिला. शाळेचे प्रमाणपत्र नसले तरी काही अडत नाही, असा निष्कर्ष या घटनेतून अनेकांनी काढला. प्रत्यक्षात ती घटना याच्या उलट सांगते: प्रमाणपत्राची जागा भरून काढण्यासाठी तिला आंतरराष्ट्रीय पातळीवरची तीन पदके मिळवावी लागली, आणि एवढे करूनही स्वतःच्या देशातील अभियांत्रिकीचे सर्वांत नावाजलेले दार तिला उघडता आले नाही. शेकड्यातून नव्हे, तर हजारांतून एखाद्यालाच जे जमते, ते सर्व मुलांसाठी धोरण म्हणून स्वीकारता येत नाही.

मराठी समाजाच्या इतिहासातही अशी एक ठळक वाट आहे. कल्याणला जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांच्या शिक्षणाचा मोठा भाग पती गोपाळराव यांनी घरीच करून घेतला. १८८३ मध्ये फिलाडेल्फिया येथील महिला वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मागताना आनंदीबाईंनी आपली तयारी आणि आपला हेतू पत्र लिहून मांडला, संस्थेने तो ग्राह्य धरला आणि १८८६ मध्ये त्या वैद्यकशास्त्राच्या पदवीधर झाल्या. या दोन उदाहरणांत सव्वाशेहून अधिक वर्षांचे अंतर असले तरी त्यांत एक साम्य आहे: दोन्ही ठिकाणी प्रवेश देणाऱ्या संस्थेने एकेका अर्जदाराची कागदपत्रे स्वतंत्रपणे वाचून निर्णय घेतला. भारतात आज हे घडत नाही, आणि त्यामागे केवळ नोकरशाहीचा ताठरपणा नाही. जेईई मेन या अभियांत्रिकी प्रवेश परीक्षेला दरवर्षी १० लाखांहून अधिक, तर वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेला २० लाखांहून अधिक विद्यार्थी नोंदणी करतात. एवढ्या संख्येत प्रत्येकाची कहाणी वाचणे शक्य नसते, त्यामुळे पात्रतेचा एक सर्वांना सारखा लागू होणारा निकष ठरवावा लागतो, आणि तो बारावी उत्तीर्ण असण्याचा आहे. आयआयटीच्या प्रवेशासाठी तर जेईई ॲडव्हान्स्डच्या गुणवत्ता यादीतील क्रमांकाबरोबरच बारावीला सर्वसाधारण गटासाठी किमान ७५ टक्के गुण, किंवा आपल्या मंडळातील यशस्वी विद्यार्थ्यांच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये स्थान, ही अटही पाळावी लागते.

अमेरिकेची तुलना कुठवर चालते

गृहशिक्षणावरची बरीचशी पुस्तके आणि चर्चा अमेरिकेतून येत असल्याने तिथली परिस्थिती इथे जशीच्या तशी गृहीत धरण्याची चूक सहज होते. अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत सर्व पन्नास राज्यांत गृहशिक्षण कायदेशीर झाले आणि २०१६ च्या सरकारी पाहणीनुसार सुमारे १७ लाख मुले, म्हणजे शालेय वयाच्या मुलांपैकी ३ टक्क्यांहून थोडी अधिक, घरी शिकत होती. तेथील बहुतेक राज्यांत ‘हायस्कूल डिप्लोमा’, म्हणजे बारा वर्षांचे शालेय शिक्षण पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र, पालक स्वतःच देऊ शकतात. त्याच्या जोडीला मुलाने कोणत्या वर्षी काय शिकले याची विषयवार नोंद ठेवली जाते आणि एसएटी किंवा एसीटी यांसारख्या राष्ट्रीय परीक्षांचे गुण जोडले जातात. ज्यांना त्रयस्थ संस्थेची मोहर हवी असते ते जीईडी ही समकक्षता परीक्षा देतात. दुसऱ्या महायुद्धामुळे शिक्षण अर्धवट राहिलेल्या सैनिकांसाठी १९४२ मध्ये ती सुरू झाली होती.

इतकी मोकळीक असलेल्या देशातही अधिकृत कागदाचा प्रश्न सुटायला वेळ लागला. अमेरिकी सैन्यदलांनी कित्येक वर्षे घरी शिकलेल्या उमेदवारांना नियमित शाळेतून बाहेर पडलेल्यांच्या खालच्या गटात धरले आणि २०१० नंतरच्या दशकात कायद्यात बदल झाल्यावरच त्यांना बरोबरीची वागणूक मिळू लागली. भारतात पालकांनी स्वतः सही केलेल्या प्रमाणपत्राला कोणतीही कायदेशीर किंमत नाही. म्हणून तिथल्या कुटुंबांपुढे जो विषय ‘डिप्लोमा कोणत्या स्वरूपात द्यावा’ असा असतो, तोच इथे ‘मंडळाची परीक्षा कोणत्या मार्गाने द्यावी’ असा होतो.

दहावीचा कागद शिक्षणापलीकडे काय करतो

दहावीच्या प्रमाणपत्राचा विचार फक्त अकरावीच्या प्रवेशापुरता केला जातो, पण त्याचा उपयोग त्याहून बराच विस्तृत आहे. केंद्रीय लोकसेवा आयोग उमेदवाराची जन्मतारीख म्हणून दहावीच्या किंवा तत्सम प्रमाणपत्रावर नोंदलेली तारीखच ग्राह्य धरतो. नावाचे लेखन आणि जन्मतारीख यांचा पुरावा म्हणून पुढे आयुष्यभर अनेक कार्यालयांत हेच प्रमाणपत्र मागितले जाते. १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आलेल्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या दुरुस्तीमुळे त्या तारखेनंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्मदाखला हाच मुख्य पुरावा होणार असला, तरी आज शालेय वयात असलेल्या मुलांना या तरतुदीचा लाभ होत नाही.

पारपत्राच्या बाबतीतही दहावी उत्तीर्ण असण्याला एक वेगळे महत्त्व आहे. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार आखाती देशांसह १८ ठरावीक देशांत नोकरीसाठी जाणाऱ्या, पण दहावी उत्तीर्ण नसलेल्या व्यक्तींना साधारणपणे उत्प्रवास तपासणीतून, म्हणजे सरकारी अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीतून, जावे लागते. दहावी उत्तीर्ण व्यक्तीचे पारपत्र या अटीतून मुक्त असते. रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांतील ज्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे आखातात नोकरीला जात आली आहेत, तिथे या एका नोंदीचे मोल समजावून सांगावे लागत नाही.

नोकऱ्यांचे चित्रही असेच आहे. टपाल खात्यातील ग्रामीण डाक सेवकांची निवड लेखी परीक्षेविना, दहावीच्या गुणांच्या आधारे होते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधील, म्हणजे आयटीआयमधील, बहुतेक व्यवसाय अभ्यासक्रमांना आणि तंत्रनिकेतनातील अभियांत्रिकी पदविकेला दहावी लागते, तर महाराष्ट्र पोलीस दलातील शिपाईपदासाठी बारावी. घरी उत्तम सुतारकाम शिकलेल्या, इंजिन उघडून पुन्हा जोडता येणाऱ्या मुलालाही आयटीआयमध्ये त्याच कामाचे रीतसर प्रशिक्षण घ्यायचे असेल, तर पहिल्या खिडकीवर दहावीची गुणपत्रिका दाखवावी लागते. मुलगा-मुलगी कलाकार किंवा उद्योजक होणार असल्याने आपल्याला हे काहीच लागणार नाही, असे पालकांना वाटणे स्वाभाविक आहे. परंतु बारा वर्षांच्या मुलाची आवड पंचविसाव्या वर्षी तशीच राहील याची खात्री कोणत्याही आई-वडिलांना देता येत नाही.

मार्ग कोणते

‘बाहेरून दहावी करणे’ ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या परीक्षेला खाजगी विद्यार्थी म्हणून बसण्यासाठी १७ नंबरचा फॉर्म भरण्याची पद्धत घरोघरी परिचित आहे आणि शाळा सुटलेल्या असंख्य स्त्री-पुरुषांनी याच फॉर्मच्या आधारे दहावी-बारावी पूर्ण केली आहे. या अर्जासोबत शाळा सोडल्याचा दाखला मागितला जातो, मूळ प्रत नसल्यास दुय्यम प्रत आणि प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. त्यामुळे पाचवी-सातवीपर्यंत शाळेत जाऊन नंतर घरी शिकलेल्या मुलाला हा मार्ग सोयीचा ठरतो, तर शाळेचे तोंडही न पाहिलेल्या मुलासाठी तो अडचणीचा होतो. शाळा सोडताना दाखला रीतसर काढून जपून ठेवणे किती आवश्यक आहे, हे यावरून लक्षात यावे. राज्याने स्थापन केलेले महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ पाचवी आणि आठवीच्या समकक्ष परीक्षा घेते आणि लहान वयात अधिकृत नोंदीची सुरुवात करण्यासाठी त्याचा उपयोग होतो.

इंग्रजी माध्यमातील काही कुटुंबे केंब्रिजच्या आयजीसीएसई आणि त्यानंतरच्या ए-लेव्हल परीक्षा खाजगी उमेदवार म्हणून देण्याचा मार्ग पत्करतात. या परीक्षा परदेशी शिक्षणाच्या दृष्टीने उपयुक्त आहेत, पण त्यांचा खर्च मोठा आहे, आणि भारतीय विद्यापीठांत प्रवेश घेताना ठरावीक विषयसंख्या व श्रेणी पूर्ण करून समकक्षता सिद्ध करावी लागते. सीबीएसईच्या खाजगी परीक्षा मुख्यत्वे त्याच मंडळाच्या आधीच्या विद्यार्थ्यांसाठी व काही विशिष्ट गटांसाठी असल्याने बहुतेक गृहशिक्षित मुलांना त्या उपलब्ध नसतात.

या सर्वांत घरी शिकणाऱ्या मुलांच्या सर्वाधिक कामी येणारी संस्था म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, अर्थात एनआयओएस. १९७९ मध्ये सीबीएसईचा एक प्रकल्प म्हणून तिची सुरुवात झाली, १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर नोव्हेंबर १९८९ मध्ये ती स्वायत्त झाली, १९९० मध्ये तिला परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याचा अधिकार मिळाला आणि २००२ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. तिचे प्रमाणपत्र इतर मंडळांच्या दहावी-बारावीशी समकक्ष मानले जाते आणि एनआयओएसची बारावी किमान पाच विषयांसह उत्तीर्ण झालेला विद्यार्थी जेईईला पात्र ठरतो. २०१८ मध्ये मुक्त विद्यालयांतून आलेल्या विद्यार्थ्यांना नीट परीक्षेसाठी अपात्र ठरवणारी अट घालण्यात आली होती; दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी ती रद्द ठरवली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही एनआयओएस आणि राज्यांची मुक्त विद्यालये यांचा विस्तार करण्याची भूमिका घेतली आहे.

एनआयओएसची रचना जवळून

घरच्या शिक्षणाशी या संस्थेची रचना का जुळते, हे तिचे नियम पाहिल्यावर स्पष्ट होते. दहावीच्या नोंदणीसाठी वयाची १४ वर्षे पूर्ण असावी लागतात. शालेय हक्काचे संरक्षण जिथे संपते नेमक्या त्याच वयात हे दार उघडते. आधीच्या शाळेचा दाखला नसेल तर अभ्यासक्रम झेपण्याइतके शिक्षण झाले असल्याचे स्वयंप्रमाणपत्र चालते, त्यामुळे कधीच शाळेत न गेलेले मूलही थेट दहावीला नोंदणी करू शकते. किमान पाच विषय घ्यावे लागतात, त्यांत किमान एक भाषा असावी लागते, आणि दहावीसाठी मराठी माध्यमही उपलब्ध आहे. गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्र या नेहमीच्या विषयांबरोबर चित्रकला, गृहविज्ञान, मानसशास्त्र, हिंदुस्थानी संगीत, भारतीय संस्कृती आणि वारसा असे विषयही निवडता येतात.

परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होतात. एकदा केलेली नोंदणी पाच वर्षे चालते, त्या काळात परीक्षेला बसण्याच्या नऊ संधी मिळतात, आणि उत्तीर्ण झालेल्या विषयाचे श्रेय जमा राहते. याचा प्रत्यक्ष अर्थ असा की दिवसाचे चार-पाच तास तबल्याच्या रियाजाला देणारी मुलगी पहिल्या एप्रिलमध्ये मराठी आणि संगीत, ऑक्टोबरमध्ये सामाजिक शास्त्र आणि इंग्रजी, आणि पुढच्या एप्रिलमध्ये फक्त गणित असे टप्पे पाडून दहावी पूर्ण करू शकते. प्रत्येक विषयाच्या गुणांपैकी २० टक्के वाटा शिक्षकांकडून तपासून घेण्याच्या स्वाध्यायांचा असतो, उरलेली परीक्षा लेखी आणि जिथे लागू असेल तिथे प्रात्यक्षिक असते, आणि उत्तीर्ण होण्यासाठी ३३ टक्के गुण लागतात. अपंग विद्यार्थ्यांना लेखनिक आणि वाढीव वेळ यांसारख्या सवलती मिळतात. स्वाध्याय, प्रयोग आणि शंकानिरसन यांसाठी नेमून दिलेल्या अभ्यासकेंद्राशी संपर्क ठेवावा लागतो, आणि घरी शिकलेल्या मुलांची सर्वाधिक गैरसोय बहुधा याच ठिकाणी होते. म्हणून केंद्र निवडताना त्याचे अंतर आणि विज्ञानाच्या प्रयोगशाळेची स्थिती आधीच पाहून घ्यावी.

या लवचिकतेचा उपयोग करताना सावधगिरीही लागते. गणित आणि विज्ञान न घेता दहावी होता येते, परंतु अभियांत्रिकी पदविकेसारख्या अभ्यासक्रमांना हेच विषय विचारले जातात. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी नसेल तर वैद्यकीय शाखेचा विचारच करता येत नाही. बारावीचे विषय अनेक वर्षांत विभागताना जेईई ॲडव्हान्स्डची एक अट विसरता कामा नये: बारावीची परीक्षा ज्या वर्षी पहिल्यांदा दिली, ते वर्ष किंवा त्याच्या पुढचे वर्ष एवढ्याच काळात ती प्रवेश परीक्षा देता येते. महाराष्ट्रातील व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशात दहावी आणि बारावी राज्यातील संस्थेतून केली आहे का, हेही पाहिले जाते, म्हणून परीक्षा कोणत्या राज्यातील केंद्रातून द्यायची याचा निर्णय अधिवासाचा विचार करूनच घ्यावा. दहावी आणि बारावी यांच्यात साधारण दोन वर्षांचे अंतर ठेवावे लागत असल्याने दहावी उगाच लांबवली तर बारावीही तितकीच लांबते.

आक्षेप आणि त्यांचे वजन

गृहशिक्षण स्वीकारणाऱ्या पालकांचा या सगळ्याला असणारा मुख्य आक्षेप प्रामाणिक आहे आणि तो गांभीर्याने घ्यायला हवा. मुलाला घोकंपट्टी, गुणांची स्पर्धा आणि अपयशाची भीती यांपासून वाचवण्यासाठी शाळा सोडली असेल, तर बोर्डाची परीक्षा पुन्हा तेच सारे घरात आणून ठेवते, असे त्यांना वाटते. ही भीती खरी ठरू शकते, परंतु ती परीक्षेपेक्षा परीक्षेला दिलेल्या महत्त्वावर अधिक अवलंबून असते. आठ-दहा वर्षे स्वतःच्या गतीने वाचन, प्रयोग, हिशेब आणि लेखन करत आलेल्या मुलाला दहावीचा अभ्यासक्रम नवखा राहिलेला नसतो. त्याला सवय नसते ती तीन तासांत नेमके उत्तर लिहिण्याची, आणि ही सवय जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून काही महिन्यांत लावता येते. घरातल्या शिक्षणाची दिशा तशीच ठेवून परीक्षेला वर्षाचा एक ठरावीक भाग दिला, गुणांची तुलना कोणाशीही केली नाही, तर ही परीक्षा बाकीचे शिक्षण गिळून टाकत नाही.

दुसरा आक्षेप असा की मुलाने केलेल्या कामाचा संग्रह, म्हणजे पोर्टफोलिओ, प्रमाणपत्रापेक्षा अधिक बोलका असतो. ललित कला, लेखन, अभिकल्प (डिझाईन), संगणक अशा क्षेत्रांत हे पुष्कळ अंशी खरे आहे आणि असा संग्रह प्रत्येक गृहशिक्षित मुलाने जपावाच. मात्र डिझाईनच्या शिक्षणातही पदवीच्या प्रवेशासाठी बारावीची अट असतेच. कामाचा संग्रह त्या अटीनंतर उपयोगी पडतो, तिच्याऐवजी चालत नाही. परदेशी विद्यापीठांकडे बोट दाखवणाऱ्यांनीही खर्चाचा, व्हिसाचा आणि ज्या कुटुंबांना मुलाला बाहेर पाठवणे शक्य नाही त्यांचा विचार केला पाहिजे.

या आक्षेपांमागे एक मूलभूत प्रश्न दडलेला असतो, आणि तो मुलाच्या हक्काचा आहे. गृहशिक्षणाचा निर्णय मूल पाच-सहा वर्षांचे असताना आई-वडील घेतात. तो कितीही प्रेमाने आणि अभ्यासाने घेतलेला असला तरी त्यात मुलाचा वाटा फार थोडा असतो. त्या निर्णयाचे परिणाम मात्र पुढे मुलालाच भोगायचे असतात. पदवीचे शिक्षण नको, नोकरी नको, असे त्या मुलाने विशीत स्वतः ठरवले तर तो त्याचा अधिकार आहे. परंतु ते आई-वडिलांनी पंधरा वर्षे आधीच त्याच्या वतीने ठरवून टाकणे न्यायाचे नाही. ज्या शिक्षणाचा सगळा पाया मुलाच्या स्वातंत्र्यावर रचलेला आहे, त्याच शिक्षणाने मुलाच्या पुढच्या वाटा बंद करणे हे त्या तत्त्वाशीच विसंगत ठरते.

तयारी कधीपासून

म्हणूनच हा निर्णय सोळाव्या वर्षावर ढकलण्यापेक्षा मूल बारा-तेरा वर्षांचे असतानाच त्याच्याशी बोलून घेतलेला बरा. सर्वप्रथम जन्मदाखला, आधारपत्र आणि पूर्वीचे शाळेचे कागद यांवरील नाव, आईचे व वडिलांचे नाव आणि जन्मतारीख अक्षरशः सारखी आहेत का हे तपासावे, कारण दहावीच्या प्रमाणपत्रावर एकदा छापलेली चूक नंतर दुरुस्त करणे फार किचकट असते. ज्या कुटुंबांना जातीचे प्रमाणपत्र व त्याची पडताळणी करावी लागणार आहे, त्यांनी विशेष लक्ष द्यावे: त्या प्रक्रियेत अर्जदाराचा शाळेचा दाखला मागितला जातो, आणि तो नसल्यास वडील, आजोबा यांच्या जुन्या नोंदींवर अधिक भिस्त ठेवावी लागते, म्हणून त्या आधीच मिळवून ठेवाव्यात. मुलाच्या संभाव्य आवडी लक्षात घेऊन विषय निवडावेत आणि शंका असेल तिथे गणित व विज्ञान ठेवावे, कारण नंतर ते विषय सोडणे सोपे असते, पण नव्याने जोडण्यात वर्ष जाते. आठवीच्या पातळीवरचा पाया कच्चा असेल तर एनआयओएसच्या मुक्त मूलभूत शिक्षण कार्यक्रमातील अ, ब आणि क हे तिसरी, पाचवी आणि आठवीशी समकक्ष असलेले स्तर आधी पूर्ण करता येतात.

या बाबतीत जबाबदारी केवळ कुटुंबांची नाही. महाराष्ट्रात दरवर्षी सुमारे १५ लाख विद्यार्थी दहावीच्या परीक्षेला बसतात आणि त्या व्यवस्थेच्या तुलनेत घरी शिकणाऱ्या मुलांची संख्या अत्यल्प आहे. त्यामुळे त्यांच्यासाठी स्पष्ट मराठीत लिहिलेली एक माहितीपुस्तिका काढणे, कधीच शाळेत न गेलेल्या मुलांसाठी १७ नंबरच्या फॉर्ममधील दाखल्याच्या अटीला पर्यायी पुरावा ठरवणे आणि प्रत्येक जिल्ह्यात प्रयोगशाळा असलेले किमान एक अभ्यासकेंद्र खुले ठेवणे शासनाला अवघड नाही. शाळेबाहेर शिकणारे मूल हे शिक्षणाबाहेरचे मूल नव्हे, हे शासनाने मान्य करायला हवे. आणि शाळेबाहेर शिकवण्याचा अधिकार मागणाऱ्या पालकांनीही त्या अधिकाराबरोबर येणारे कर्तव्य स्वीकारायला हवे. मुलाला आपल्या पद्धतीने शिकवावे, मनापासून शिकवावे, आणि त्याच वेळी अठरा वर्षांचे झाल्यावर त्याच्या हातात दहावी-बारावीची प्रमाणपत्रे असतील याची तजवीज करावी. ती वापरायची की कपाटात ठेवून द्यायची, हा निर्णय त्यानंतर सर्वस्वी त्या तरुणाचा किंवा तरुणीचा असेल.